धावण्याचे बूट घेताना पावलाची रुंदी आधी पाहावी

धावण्याचे बूट सायंकाळीच घ्यावेत. दिवसभराच्या वावराने, त्यातही सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर असताना, पाऊल थोडे फुगते आणि सकाळी नेमका बसलेला बूट संध्याकाळी आवळू लागतो. धावताना वापरता तेच मोजे बरोबर न्यावेत.

ओल्या पावलाच्या ठशावरून तळव्याची कमान पाहून बूट ठरवण्याचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो मनावर घेऊ नये. अमेरिकी सैन्यातील प्रशिक्षणार्थींच्या अभ्यासांत तळव्याच्या कमानीनुसार बूट दिल्याने दुखापती कमी झाल्याचे आढळले नाही.

अडते ते मापाशी, आणि लांबीपेक्षा रुंदीशी अधिक. मलाही हे उमगायला बराच काळ लागला. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलांवर वावरलेले पाऊल बोटांपाशी पसरट असते, तर पुष्कळ बूट नेमके तेथेच निमुळते होतात. करंगळी दाबली जाते अशी तक्रार केली की दुकानदार एक नंबर मोठा बूट पुढे करतो. तो अजिबात घेऊ नये. लांबी वाढल्याने बूट भलत्याच जागी वाकतो, टाच आत वरखाली होते आणि फोड येतात. त्याच नंबरात रुंद बूट मागावा. पुरुषांच्या बुटांच्या खोक्यावर अशा मापासाठी ‘२ई’ किंवा ‘४ई’ अशी खूण असते.

रुंदी पारखण्यासाठी बुटातील इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, काढून जमिनीवर ठेवावा आणि त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहावे. करंगळीची बाजू किंवा अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा कडेबाहेर आला, तर तो बूट कितीही महाग असला तरी परत करावा. सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात ऐन गर्दीच्या वेळी असे करताना संकोच वाटेल, पण हे टाळू नये. ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर तर मुळीच विसंबू नये. वरचे कापड किंचित सैलावते, तळ रुंदावत नाही.

लांबी दोन्हींपैकी मोठ्या पावलावरून, उभ्याने पाहावी. सर्वांत लांब बोटापुढे, मग ते अंगठ्याशेजारचे का असेना, हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसेल तर नखे काळी पडतात.

मग दुकानातच थोडे धावून पाहावे आणि जो जोड सर्वांत सुखकर वाटेल तो घ्यावा. घरच्या फरशीवर दोन-तीन दिवस घालून पाहिल्याशिवाय तो रस्त्यावर नेऊ नये, कारण तळ मळल्यावर दुकानदार बूट बदलून देत नाही.