कामाच्या ठिकाणी काय काय हाताळलं याची नोंद कशी ठेवायची, आणि उद्याच्या संशोधनाला ती का लागणार

कामामुळे होणाऱ्या आजारांवर पुढे काय संशोधन होणार म्हटलं की लोक जीन्स, ब्लड टेस्ट, एआय वगैरे बोलतात, ते सगळं येतंयच, पण खरी अडचण अशी आहे की पंचवीस वर्षांपूर्वी माणूस नेमकं काय हाताळत होता हे कुठेच लिहिलेलं नसतं. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कॅन्सर बहुतेक वेळा २० ते ४० वर्षांनी दिसतो, तोपर्यंत कंपनी बंद झालेली असते, रेकॉर्ड गेलेलं असतं आणि केसपेपरवर व्यवसाय काय तर "रिटायर्ड". म्हणून ही नोंद आपली आपणच ठेवायची.

आधी जुनी कामं आठवून लिहा, अगदी पहिल्या नोकरीपासून, सुट्टीत केलेलं आणि कॉन्ट्रॅक्टवरचं पण धरा. नुसतं पद लिहून काही उपयोग नाही. "हेल्पर" वरून कोणाला काय कळणार? त्यापेक्षा "ग्राइंडरने दगड कोरडाच कापायचो, रोज चार-पाच तास, खोली बंद, मास्क कधी असायचा कधी नाही" असं लिहा. मास्कबद्दल खरंच लिहा हं, नियम काय होता ते नको, प्रत्यक्षात किती वेळ तोंडावर होता ते. आर्टिफिशियल स्टोन (किचन ओट्याला वापरतात तो कृत्रिम दगड) कापणाऱ्या तरुण कामगारांना सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार होतोय हे लक्षात आलं ते कोणीतरी कामाबद्दल नीट विचारलं म्हणून, आणि ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदीच घातली. रामाझिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने १७०० सालीच सांगून ठेवलंय की पेशंटला त्याचं काम काय ते विचारा, पण अजूनही कित्येक ठिकाणी विचारत नाहीत.

केमिकल असेल तर ड्रमच्या लेबलचा फोटो काढा आणि सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या केमिकलचा माहितीचा कागद, मागून घ्या. त्यातल्या तिसऱ्या भागात घटक दिलेले असतात, तिथला सीएएस नंबर उतरवून ठेवा, कारण ब्रँडचं नाव बदलतं पण पदार्थाचा तो नंबर तोच राहतो.

नाइट शिफ्टवाल्यांनी महिन्याला किती रात्री, सलग किती आणि किती वर्षं हे लिहायचंच. आयएआरसीने (डब्ल्यूएचओची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था) २००७ मध्ये आणि परत २०१९ मध्ये नाइट शिफ्टला "बहुधा कॅन्सरकारक" गटात ठेवलं, पण प्रत्येक अभ्यासात नाइट शिफ्टची व्याख्या वेगळी, त्यामुळे तुलना करणं अवघड जातं. कामाचे तास पण लिहा, डब्ल्यूएचओ आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) यांच्या अंदाजाप्रमाणे आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम केल्यामुळे २०१६ मध्ये जगात स्ट्रोक आणि हृदयविकाराने सुमारे ७,४५,००० लोक गेले.

त्रास होत असेल तर तो कामाच्या दिवशी वाढतो का आणि सुट्टीत कमी होतो का हे तारखेसकट टिपा. दम्यासारखं वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून पीक फ्लो मीटर (श्वास किती जोरात सोडता येतो हे मोजायचं छोटं यंत्र) घ्या, दिवसातून किमान चार वेळा फुंकायचं, काही आठवडे, कामाचे आणि सुट्टीचे दोन्ही दिवस धरून. मनाने औषध बंद करू नका. कान आणि फुफ्फुसाच्या तपासणीचे रिपोर्ट कंपनीच्या फाइलवर सोडू नका, कॉपी घ्याच, कारण पुढे फरक किती पडला हे पहिल्या रिपोर्टशिवाय सांगता येत नाही.

आणि सोबतच्या लोकांशी बोला. १९७४ मध्ये अमेरिकेत लुईव्हिलच्या एका प्लांटमध्ये लिव्हरचा अतिशय दुर्मिळ कॅन्सर तीन कामगारांना झालाय हे लक्षात आलं आणि त्यातून तिथे वापरल्या जाणाऱ्या व्हिनाइल क्लोराइडचा (पीव्हीसी प्लास्टिक ज्यापासून बनतं ते रसायन) धोका जगाला कळला. तुमच्या डिपार्टमेंटमध्ये दोघा-तिघांना सारखाच त्रास असेल तर एकेकट्याने जाऊ नका, ते मिळून ऑक्युपेशनल हेल्थच्या डॉक्टरांना सांगा.

या सगळ्याचं एक पान करून तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना द्या आणि फाइलला लावायला सांगा. कुठल्या अभ्यासात भाग घ्यायला बोलावलं तर जरूर जा, फक्त सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा, माझी माहिती नावासकट मालकापर्यंत जाणार का, आणि रक्तात किंवा फुफ्फुसात काही सापडलं तर मला कळवणार का. उत्तर लेखी घ्या.