कॉम्प्युटर चालू करताना वायफाय डोंगल दिसत नाही? या चुका टाळा

सकाळी कॉम्प्युटर चालू केला की खालच्या कोपऱ्यात वायफायच्या खुणेऐवजी पृथ्वीचा गोळा दिसतो. डोंगल (यूएसबीत खोचायची वायफायची काडी) उपटून पुन्हा खोचला की नेट लगेच सुरू. दुसऱ्या दिवशी परत तेच. सांगली-मिरजेत ज्यांच्याकडे जुना डेस्कटॉप आहे, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना ही तक्रार ओळखीची वाटेल. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात: नवा डोंगल घ्या, नाहीतर विंडोज फॉरमॅट मारा. दोन्हींत पैसे किंवा दिवस जातो आणि आठवड्याने दुखणं बहुधा परत येतं. उपटून लावल्यावर जो डोंगल दिवसभर नीट चालतो, तो बहुधा खराब झालेला नसतो. त्याला फक्त चालू होतानाच काहीतरी आडवं येतंय, आणि शोधायचं आहे ते तेवढंच.

बघण्याआधीच उपटणे

डोंगल उपटला की पुरावा गेला. म्हणून नेट नसलं तरी आधी हात आवरा. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि जे दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली डोंगलचं नावच नसेल, तर विंडोजला तो पोचलेलाच नाही. खाली यूएसबीच्या यादीत 'अननोन यूएसबी डिव्हाइस' असं पिवळ्या खुणेसह दिसतंय का पाहा. ते दिसलं आणि त्यावर डबल क्लिक केल्यावर कोड ४३ आला, तर संशय पोर्ट, वायर किंवा वीजपुरवठ्यावर घ्यायचा. नाव आहे पण कोड १० दाखवतंय, म्हणजे डोंगल ओळखला गेला पण सुरू होऊ शकला नाही. इथे ड्रायव्हर (विंडोजला डोंगल चालवायला मदत करणारं सॉफ्टवेअर) किंवा पुढे सांगितलेला फास्ट स्टार्टअप बघायचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. आणि सगळं ठीकठाक दिसतंय, पिवळी खूण कुठेच नाही, तरी नेट नाही, असं असेल तर डोंगलला दोष देणं थांबवा. तेव्हा राउटरकडे किंवा विंडोजच्या वायफाय सर्व्हिसकडे बघायचं.

या पहिल्या दोन मिनिटांत निम्मं काम होतं. गंमत म्हणजे हीच पायरी सगळे गाळतात, कारण उपटून लावणं सोपं असतं.

'शट डाऊन' केलं म्हणजे विंडोज पूर्ण बंद झालं असं समजणे

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे, म्हणून इथे जरा थांबू.

२०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे, आणि बहुतेक कॉम्प्युटरवर ती आपोआप चालू असते. ती चालू असताना शट डाऊन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि त्यात चढलेले ड्रायव्हर पूर्ण बंद न होता हार्ड डिस्कवर जसेच्या तसे जपून ठेवले जातात. पुढच्या वेळी ते तिथून उचलले जातात, म्हणून कॉम्प्युटर लवकर सुरू होतो. हिशेबाची वही उघडी ठेवून नुसतं शटर ओढावं, तसं हे बंद करणं. उलट 'रिस्टार्ट' केलं की विंडोज खरोखर पहिल्यापासून सुरू होतं. लोकांना नेमकं याच्या उलट वाटतं.

आता आपल्याकडची सवय बघा. शट डाऊन झालं की भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करायचं. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो, लाईट कधीही जाते आणि येताना कमी-जास्त दाबाने येते, त्यामुळे ही सवय चांगलीच आहे, सोडू नका. पण बटण बंद झालं की डोंगलची वीज तुटते. बऱ्याच डोंगलमध्ये त्याचं अंतर्गत सॉफ्टवेअर कायमचं साठवलेलं नसतं. ड्रायव्हर ते प्रत्येक वेळी कॉम्प्युटरमधून डोंगलमध्ये भरतो. सकाळी डोंगल रिकामा जागा होतो, तर ड्रायव्हर कालच्या आठवणीसह उठतो. चांगला ड्रायव्हर हा फरक ओळखून सगळं पुन्हा भरतो. स्वस्तातल्या डोंगलचे काही ड्रायव्हर ते करत नाहीत आणि अडकतात. तुम्ही उपटून लावता तेव्हा विंडोजला 'नवीन वस्तू आली' अशी सूचना जाते, भरणी पुन्हा होते आणि नेट येतं.

तुमच्याकडे हेच होतंय का, हे कुठलीही सेटिंग न बदलता तपासता येतं. डोंगल दिसत नसताना तो न उपटता फक्त रिस्टार्ट करा. रिस्टार्टनंतर नेट आलं, तर संशय पक्का होत जातो. मग रात्री बंद करताना शिफ्टचं बटण दाबून धरून 'शट डाऊन'वर क्लिक करा. असं केलं की तेवढ्या वेळेपुरता फास्ट स्टार्टअप टळतो आणि विंडोज पूर्ण बंद होतं. दोन-चार दिवस असं करून सकाळी डोंगल मुकाट चालू लागला, तर कारण सापडलं.

कायमचा इलाज असा: कंट्रोल पॅनेल, त्यात 'पॉवर ऑप्शन्स', मग डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. तिथे फास्ट स्टार्टअपची चौकट फिकी दिसते आणि क्लिक होत नाही. इथे बरेच जण माघारी फिरतात. वरच्या बाजूला 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ आहे, ती दाबल्यावर चौकट उघडते. टिक काढा आणि सेव्ह करा. ती चौकटच दिसत नसेल, तर तुमच्या कॉम्प्युटरवर हायबरनेशन (चालू काम डिस्कवर जपून बंद होण्याची सोय) बंद आहे, म्हणजे फास्ट स्टार्टअपही नाही, आणि कारण दुसरीकडे शोधायचं. एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) असेल तर यामुळे सुरू व्हायला लागणारा जादा वेळ जाणवतही नाही. जुनी हार्ड डिस्क असेल तर जाणवेल.

खात्री करायची एक खूण आहे. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'खाली सीपीयू निवडला की 'अप टाइम' दिसतो. रोज रात्री बंद होणारा कॉम्प्युटर तिथे कित्येक दिवस सलग चालू असल्याचं सांगत असेल, तर फास्ट स्टार्टअप चालूच आहे.

बंद कॉम्प्युटरवर डोंगलचा दिवा चालू आहे, याकडे दुर्लक्ष

वरच्याच्या बरोबर उलटा प्रकार. बोर्डाचं बटण बंद न करणाऱ्यांकडे कॉम्प्युटर बंद असला तरी मदरबोर्ड यूएसबी पोर्टांना थोडी वीज देत राहतो. डोंगलचा दिवा रात्रभर लुकलुकतो तो त्यामुळे. अशा डोंगलचं सॉफ्टवेअर आतल्या आत अडकलं, तर शट डाऊन करूनही ते सुटत नाही, कारण त्याची वीज कधी तुटतच नाही. कॉम्प्युटर बंद करून बोर्डाचं बटण मिनिटभर बंद ठेवा, मग चालू करा. एवढ्याने चाललं तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) 'ईआरपी' नावाची सेटिंग शोधून ती चालू करा. मग बंद अवस्थेत पोर्टची वीज तुटते. कीबोर्डच्या बटणावर कॉम्प्युटर चालू करायची सोय मात्र त्याने जाईल.

जागा दिसली तिथे खोचणे

सीपीयूच्या पुढचे यूएसबी पोर्ट हाताशी असतात म्हणून डोंगल तिथे जातो. ते पोर्ट आतून एका वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात. स्वस्त कॅबिनेटमध्ये ही वायर साधारणच असते आणि वर्षानुवर्षं पेन ड्राइव्ह खुपसून पोर्ट ढिले झालेले असतात. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. दुसरं काहीही करण्याआधी डोंगल मागे लावून दोन दिवस बघा.

मागेही निळा पोर्ट दिसला म्हणून त्यात घातला, असं नको. निळा म्हणजे यूएसबी ३, आणि त्याच्या चालू वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो. वायफायचा जुना पट्टा नेमका तोच. इंटेलनेच २०१२ मध्ये हे मोजमापांसह मांडलं होतं. शेजारच्या निळ्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर सिग्नल घसरू शकतो. साध्या डोंगलला काळा पोर्ट पुरतो. जमलं तर हातभर लांबीची एक्स्टेन्शन वायर लावून तो कॅबिनेटच्या पत्र्यापासून दूर आणा. फार लांब आणि बारीक वायर मात्र नको, टोकाला पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं.

विजेचा हा मुद्दा सगळ्यांत जास्त जाणवावा तो आपले सरकार सेवा केंद्रांसारख्या ठिकाणी. एकाच हबवर (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) बोटाचे ठसे घेणारं यंत्र, वेबकॅम, कीबोर्ड, माऊस आणि त्यातच वायफाय डोंगल. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधील, यूएसबी ३ चा ९००. स्वतंत्र अडॅप्टर नसलेला हब एवढ्यातच सगळ्यांना वाटून देतो. चालू होताना सगळी यंत्रं एकदमच वीज ओढतात, आणि वायफाय डोंगल त्यातला खादाड. नंतर एकटा उपटून लावला की बाकीचे शांत झालेले असतात, म्हणून चालतो. उपाय सरळ आहे: डोंगल हबवरून काढून थेट सीपीयूच्या मागे लावा, माऊसला हबवर पाठवा.

ड्रायव्हर नावावरून शोधणे

डोंगलवरचं नाव पुरेसं नसतं. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन ७२२एन या नावाजलेल्या डोंगलचंच उदाहरण घ्या: पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रिअलटेकची. नाव तेच, ड्रायव्हर वेगळा. म्हणून आवृत्तीचा आकडा बघा, तो डोंगलच्या लेबलवर बारीक अक्षरात असतो. लेबल पुसलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलवर डबल क्लिक करा आणि 'डिटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथले व्हीआयडी आणि पीआयडी हे दोन क्रमांक त्याची खरी ओळख सांगतात.

ड्रायव्हर आपोआप शोधून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं टाळाच. ड्रायव्हर मिळो न मिळो, सोबत चार नको ते पाहुणे नक्की येतात. अडचण विंडोज अपडेटनंतर सुरू झाली असेल तर डोंगलच्या 'ड्रायव्हर' टॅबमध्ये 'रोल बॅक' (जुन्या ड्रायव्हरवर परत जाण्याचं) बटण उघडं आहे का बघा.

काही डोंगल चालू होताना सीडी ड्राइव्ह म्हणून हजर होतात. ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो आणि कंपनीचा छोटा प्रोग्रॅम त्यांना वायफायच्या रूपात आणतो. कुणीतरी 'कॉम्प्युटर फास्ट करतो' म्हणून स्टार्टअपमधले प्रोग्रॅम बंद केलेले असतील, तर डोंगल सीडीच्या वेशातच राहू शकतो. 'धिस पीसी'मध्ये अनोळखी सीडी दिसली तर तिच्यावर राइट क्लिक करून 'इजेक्ट' करा. पुष्कळदा तेवढ्यात वायफाय उगवतं. मग तो बंद केलेला प्रोग्रॅम पुन्हा चालू करा. याच हौशी सफाईत 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' ही विंडोजची वायफाय सर्व्हिसही बंद पडलेली आढळते. ती 'ऑटोमॅटिक'वर हवी.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात: कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२ पासून रिअलटेकच्या काही लोकप्रिय यूएसबी चिपांचा ड्रायव्हर आतच आहे. बाहेरून बसवलेला ड्रायव्हर कर्नल अपडेट झाला की पुन्हा बांधावा लागतो, आणि 'काल चालत होतं' याचं उत्तर अनेकदा तिथे असतं.

पॉवर सेव्हिंगवर सगळं खापर

डोंगलच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबमधली, वीज वाचवायला यंत्र बंद करण्याची टिक काढा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. काढायला हरकत नाही. पण त्याने बरा होतो तो चालू कॉम्प्युटरवर मध्येच किंवा स्लीपमधून उठल्यावर जाणारा डोंगल. रात्रभर बंद राहून सकाळी न दिसणाऱ्याला त्याचा फायदा क्वचितच. ड्रायव्हर बदलला की ती टिक परत आली आहे का, तेही बघायला लागतं.

राउटर जागा झालाय का, हे न बघणे

लाईट गेली आणि आली. कॉम्प्युटर आणि राउटर एकदमच चालू झाले. एसएसडीवाला कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात तयार, फायबरचा राउटर अजून दिवे लुकलुकवतोय. त्यातून राउटर ५ गिगाहर्ट्झच्या ५२ ते १४४ या चॅनेलांपैकी एखाद्यावर असेल, तर रडारचा सिग्नल नाही ना, हे किमान मिनिटभर ऐकल्याशिवाय तो नेटवर्क जाहीरच करत नाही. या वेळात डोंगल उपटून लावला, त्यात वेळ गेला, आणि नेट आल्याचं श्रेय उपटण्याला मिळालं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं नीट असेल तर आधी मोबाइलवर तेच वायफाय दिसतंय का बघा. इन्व्हर्टर असेल तर राउटर त्यावर घ्या. नेटवर्कच्या नावाखाली 'कनेक्ट ऑटोमॅटिकली'ची टिक आहे ना, तेही पाहून घ्या. आणि साधा २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दाखवणारच नाही, कितीही वेळा उपटा.

यातलं एका वेळी एकच बदला आणि दोन सकाळी जाऊ द्या. सगळं एकदम बदलून चालू झालं तर कशाने झालं ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला पुन्हा सगळं करत बसावं लागतं. टेबल राउटरच्याच खोलीत असेल, तर खरं सांगायचं तर डोंगलचा नादच सोडा आणि लॅनची वायर टाका.

दुरुस्तीला न्यायचंच ठरलं तर नुसता डोंगल खिशात घालून जाऊ नका. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो खोचल्या खोचल्या चालणार आणि 'याला काहीच झालेलं नाही' हे ऐकून तुम्ही परत येणार. सीपीयूही न्या, आधी काढलेला डिव्हाइस मॅनेजरचा फोटो दाखवा, आणि दुरुस्त करणाऱ्याला सांगा की रिस्टार्ट करून बघू नका, डोंगल लावलेलाच ठेवून शट डाऊन करा, प्लग काढा, चहा होऊ द्या आणि मग चालू करा.