अतिदूर नेमबाजीसाठी काडतूस आणि स्कोप कसे निवडावे

अतिदूर नेमबाजीत अंतराची सर्वमान्य एकच व्याख्या नसली, तरी साधारणपणे १,५०० यार्डांच्या पलीकडचे लक्ष्य या प्रकारात धरले जाते. काडतूस निवडताना पहिला प्रश्न ताकदीचा नसून, आपल्याला ज्या अंतरावर नेम धरायचा आहे तिथपर्यंत गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जाते का, हा आहे. साधारण हवामानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो आणि गोळीचा वेग त्याच्या जवळ उतरू लागला की तिच्यावरील हवेचा दाब बदलून ती डगमगू शकते. त्यापुढचे गणित फारसे भरवशाचे राहत नाही.

समुद्रसपाटीच्या हवेत .३०८ विंचेस्टरची १७५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळी साधारण ९०० मीटरच्या आसपास या सीमेला पोहोचते, ६.५ क्रीडमूर १,२०० मीटरपर्यंत तग धरते आणि .३३८ लापुआ मॅग्नमची ३०० ग्रेनची गोळी १,५०० मीटरच्या आसपास जाते. दोन किलोमीटर आणि त्यापुढे .३७५ चेयटॅकसारख्या काडतुसांचा प्रांत सुरू होतो, मात्र त्यांचा दारूगोळा महाग असतो आणि नळीही लवकर झिजते. माझ्या मते नवख्याने वाऱ्याचा अंदाज घेणे ६.५ क्रीडमूरवर शिकावे, कारण त्याचा धक्का सौम्य असतो आणि त्यामुळे भरपूर सराव परवडतो. लांब, जड गोळी निवडल्यास नळीच्या आतील खाचांचा पीळ तिला स्थिर ठेवण्याइतका घट्ट आहे ना, हे आधी तपासावे.

वेगातील सातत्य मात्र कोणत्याही काडतुसात तितकेच महत्त्वाचे असते. .३३८ लापुआची गोळी १,५०० मीटरवर सुमारे १७ मिल (मिल हे कोनाचे माप; १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर), म्हणजे जवळपास २५ मीटर खाली पडते. सुटतानाच्या वेगात १ टक्का, म्हणजे सेकंदाला अवघे ८ मीटर फरक पडला, तर ही घसरण सुमारे २ टक्क्यांनी बदलते आणि गोळी अर्धा मीटर वर किंवा खाली लागते.

इथेच स्कोपचा, म्हणजे रायफलवरील नेम धरण्याच्या दुर्बिणीचा संबंध येतो. ज्याचा टरेट (नेम वर-खाली सरकवणारी फिरकी) नेम २ टक्के कमी सरकवतो, असा स्कोपही लक्ष्यावर तोच अर्धा मीटर चुकवतो आणि नुसते लक्ष्य पाहून दोष काडतुसाचा की काचेचा हे कळत नाही. म्हणून स्कोपची परीक्षा गोळी न झाडता करावी. तो पक्का आवळून १०० मीटरवर उभी मोजपट्टी लावावी आणि टरेट १० मिल फिरवावा; रेटिकल (काचेतील नेमाच्या खुणा) बरोबर १ मीटर सरकले पाहिजे. ते ९८ सेंटिमीटरच सरकत असेल, तर तेवढी दुरुस्ती बॅलिस्टिक गणकात (गोळीच्या मार्गाचा हिशेब करणाऱ्या साधनात) भरावी किंवा स्कोप परत करावा.

त्यानंतर टरेट नेम वर-खाली एकूण किती सरकवू शकतो, ती उंचीची हालचाल मोजावी. ३० मिल हालचालीच्या स्कोपमध्ये सपाट माउंटवर (स्कोप रायफलला जोडणाऱ्या बैठकीवर) वर जाण्यासाठी साधारण १५ मिल उरतात, जे वरच्या उदाहरणाला अपुरे आहेत. २० एमओए (एमओए हेही कोनाचे माप, अंशाचा साठावा भाग) उताराचा माउंट त्यात सुमारे ५.८ मिलची भर घालतो. उतार वाढवण्यालाही मर्यादा आहे: ६० एमओएचा माउंट याच स्कोपवर लावल्यास १०० मीटरवर झिरो करणे, म्हणजे नेम आणि गोळी एकाच बिंदूवर जुळवणेच शक्य होणार नाही. रेटिकल आणि टरेट दोन्ही मिलमध्येच असावेत आणि रेटिकल पहिल्या फोकल प्लेनमध्ये (प्रतिमेसोबत लहान-मोठे होणारे) असावे, म्हणजे लक्ष्य कितीही पट मोठे करून पाहिले तरी त्याच्या खुणा खऱ्या राहतात.

लोक सर्वाधिक भाव देतात तो स्कोप लक्ष्य किती पट मोठे दाखवतो याला. मला तो सर्वात शेवटचा निकष वाटतो. उन्हात जमिनीवरून उठणाऱ्या लहरी ३० पटीला लक्ष्य वितळवून टाकतात आणि बहुतेक वेळ १५ ते २० पटीवरच जातो. त्याऐवजी स्कोपवर पाणसळ बसवून घ्यावी, कारण १,५०० मीटरवर रायफल १ अंश जरी कलली, तरी गोळी सुमारे ४५ सेंटिमीटर बाजूला जाते.