जुन्या आश्रमाच्या आवारात हाडं सापडली, तर सरकारचं निवेदन कसं वाचाल

मी बरीच वर्षं न्यायवैद्यकशास्त्र शिकवलं. त्यामुळे आयर्लंडमधल्या ट्यूमची बातमी आली, तेव्हा सरकारने काय म्हटलं हे मी सवयीने ओळीओळीने वाचलं. असं निवेदन पुन्हा कुठून आलं, तर त्यात काय शोधायचं ते सांगते.

ट्यूम हे गॉलवे परगण्यातलं गाव. अविवाहित माता आणि त्यांच्या बाळांचा आश्रम तिथे 1925 ते 1961 चालला. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक कॅथरीन कॉर्लेस यांनी तिथे दगावलेल्या 796 मुलांचे मृत्यूचे दाखले शोधून काढले. दफनाच्या नोंदी मात्र जवळजवळ नव्हत्याच. 2014 मध्ये हे जगभर गाजलं, 2015 मध्ये चौकशी आयोग बसला आणि 3 मार्च 2017 रोजी आयोगाने जाहीर केलं की जमिनीखालच्या एका बांधकामातल्या 20 कप्प्यांपैकी किमान 17 कप्प्यांत मोठ्या प्रमाणात मानवी अवशेष आहेत. काही बाळं पूर्ण दिवसही न भरलेली, काही दोन-तीन वर्षांची.

तर पहिलं बघा: जागा कोणाची आणि आश्रमाचा खर्च कोण करत होतं? बॉन सेकुर संघाच्या नन्स ट्यूमचा आश्रम चालवायच्या, पण वास्तू काउंटी कौन्सिलची, म्हणजे परगण्याच्या स्थानिक प्रशासनाची होती आणि पैसाही सार्वजनिक. अशा वेळी सरकार नुसतं दुःख व्यक्त करत असेल, तर थांबून विचारा: तुमची जबाबदारी काय? संघाने 2018 मध्ये उत्खननासाठी 25 लाख युरो देण्याची तयारी दाखवली. तरीही मूळ भार शासनावरच येतो आणि तो यायलाच हवा.

दुसरं, क्रियापदं वाचा. ‘स्मारक उभारू’, ‘सल्लामसलत करू’, ‘तपासून बघू’ आणि ‘अवशेष बाहेर काढू, ओळख पटवू’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तज्ज्ञ गटाने 2017 मध्ये सरकारपुढे पाच पर्याय ठेवले होते, त्यात नुसत्या स्मारकाचाही पर्याय होता. संपूर्ण शास्त्रीय उत्खननाचा निर्णय ऑक्टोबर 2018 मध्ये झाला. पण निर्णय झाला म्हणजे काम सुरू झालं असं धरू नका. एवढ्या मोठ्या उत्खननाची सोय तेव्हाच्या आयरिश कायद्यात नव्हती. नवा कायदा 2022 मध्ये झाला, त्याखाली स्वतंत्र संचालक नेमला गेला आणि मुख्य उत्खनन जुलै 2025 मध्ये सुरू झालं. मधल्या काळात दगावलेल्या मुलांची भावंडं म्हातारी होत गेली. म्हणून निवेदनात कायदा, संचालक आणि तारीख या तिन्ही गोष्टी शोधा.

मधे जानेवारी 2021 मध्ये आयोगाचा अंतिम अहवाल आला. चौकशीतल्या 18 संस्थांत मिळून सुमारे 9,000 मुलं दगावली होती. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. माफी हवीच, पण तिने हाडं जमिनीतून वर येत नाहीत.

आता माझ्या विषयाचं, आणि इथे जरा सविस्तर सांगायला हवं. ‘डीएनए तपासू’ असं म्हटलं की लोकांना वाटतं आठवड्यात नाव कळेल. तसं होत नाही. नवजात बाळाच्या बोटांची हाडं तांदळाच्या दाण्याएवढी असतात. कवटीचे तुकडे अजून जुळलेले नसतात. माती बारीक चाळणीतून चाळावी लागते. ट्यूममध्ये तर अनेक मुलांची हाडं एकमेकांत मिसळली आहेत, म्हणून कुठलं हाड कुणाचं हे ठरवण्यातच बराच वेळ जातो. तयार होत असलेल्या दातांवरून वय चांगलं कळतं, पण मुलगा की मुलगी हे नुसत्या हाडांवरून खात्रीने सांगता येत नाही. डीएनएसाठी सगळ्यात भरवशाचं हाड म्हणजे अंतर्कर्णाला वेढणारा शंखास्थीचा (कवटीच्या कानाजवळच्या हाडाचा) टणक भाग. दलदलीत, ओलीत पडून राहिलेल्या अवशेषांत तोच अनेकदा तग धरतो. तेव्हा उत्खननात हाडांचा अभ्यास करणारे मानवशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ आहेत का, ओळख न पटलेल्या बाळांचं दफन कसं करणार, हे विचाराच.

शेवटचं नातेवाइकांसाठी. नमुना आई किंवा सख्ख्या भावंडाचा असेल, तर जुळणी सगळ्यात पक्की होते. वडील वेगळे आणि आई एकच असेल, तरी आईकडून आलेला डीएनए उपयोगी पडतो, आणि ट्यूमसारख्या ठिकाणी अशी भावंडं असणारच. पिढी जितकी दूर, तितका पुरावा पातळ. म्हणून घरात कोणी ऐंशी-नव्वदीचं असेल, तर उत्खनन संपायची वाट बघू नका. नमुना आधी द्या आणि आईचं माहेरचं नाव, आश्रमात गेल्याचं साल, बाळाची जन्मतारीख, जे काही आठवत असेल ते कागदावर लिहून सोबत जोडा.