वनस्पती-फेरीला जाताय? एवढं लक्षात ठेवा

झाडं ओळखण्याच्या फेऱ्या फक्त नागपूर-अमरावतीलाच निघतात असं नाही. तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभाग असेल तर तिथे विचारा, निसर्गमंडळाच्या बैठकीचा पत्ता बहुधा तिथूनच लागतो. ग्रामपंचायतीतही जाऊन या. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोक जैवविविधता नोंदवहीसुद्धा, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद. कपाटात धूळ खात असली तरी मागून बघाच.

फेरीला ऑगस्ट-सप्टेंबर उत्तम. एका पानाचा फोटो दाखवून "हे कोणतं?" विचारलं, तर जाणकारही डोकं खाजवतो. अख्खी फांदी, पानाची मागची बाजू, फूल, शेंग, सगळं टिपा. उदाहरण म्हणून तरोटा आणि कासविंदा या दोन रानझुडपांचं बघा. फुलं दोन्हीची पिवळी. पण तरोट्याच्या पानात पर्णिकांच्या (एका पानातल्या छोट्या पानांच्या) तीनच जोड्या, टोकं गोलसर. कासविंद्याच्या पर्णिका जास्त आणि टोकदार. हातभिंगातून देठ बघा: कासविंद्याची बारीक ग्रंथी (गाठीसारखा ठिपका) बुडाशी, तरोट्याची खालच्या पर्णिकांच्या मधे. हे एकदा दिसलं की तरोट्याची भाजी खुडताना घोळ होत नाही.

कळलावी दिसली तर फोटोवर भागवा; तिचा कंद जीवघेणा विषारी आहे. कपाशीच्या धुऱ्यावरून जाताना फवारणी कधी झाली ते शेतमालकाला आधी विचारा. बूट घाला, चप्पल नको. अभयारण्यात परवानगीशिवाय पानही तोडायचं नाही. आणि जमलं तर रानभाजी विकणाऱ्या एखाद्या मावशींना फेरीला सोबत बोलवा, मानधन देऊन.