स्लो कुकरमधला मीटलोफ

ओहायोत आल्यावर पहिल्याच थंडीत शेजारच्या आजींनी मला मीटलोफ, म्हणजे पावासारखा आकार देऊन शिजवलेला खिमा, शिकवला. त्या बीफचा करायच्या, मी टर्कीच्या खिम्याचा करते. सकाळी नऊला स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, लावला की तीनपर्यंत तयार.

दोन पौंड, म्हणजे साधारण ९०० ग्रॅम खिमा घ्या. अगदी चरबीविरहित नको, कोरडा होतो. पाऊण कप ब्रेडचा चुरा पाव कप दुधात दहा मिनिटं भिजवा. लोफ मऊ राहतो तो यामुळेच. त्यात दोन अंडी, परतून गार केलेला कांदा, लसूण, मीठ, मिरपूड आणि खिमा घाला. हलक्या हातानं कालवा. कणकेसारखं मळलंत तर लोफ रबरासारखा होतो.

कुकरमध्ये फॉइलचा दुहेरी पट्टा झोळीसारखा घाला, टोकं वर येऊ द्या. त्याशिवाय लोफ अख्खा बाहेर निघत नाही. मिश्रणाला पावासारखा आकार देऊन हा लोफ त्यावर ठेवा, कडांना टेकू देऊ नका. कुकर ‘लो’ वर, म्हणजे मंद आचेवर, पाच-सहा तास ठेवा. मधे झाकण उघडू नका, साठलेली वाफ जाते.

थर्मामीटर मधोमध खुपसून बघा: टर्कीला १६५ अंश फॅरनहाइट हवं, बीफला १६०. रंगावर विसंबू नका.

मग लोफ झोळीनं उचलून बाहेर काढा, केचप, ब्राउन शुगर आणि चमचाभर व्हिनेगर एकत्र करून वरून फासा आणि ओव्हनच्या ब्रॉइलरखाली, म्हणजे वरून येणाऱ्या कडक आचेखाली, चार-पाच मिनिटं ठेवा. कुकरमध्ये खरपूसपणा येत नाही, तो इथे येतो. पंधरा मिनिटं थांबून कापा.