बंद पडलेल्या जुन्या मराठी वेबसाईट कशा शोधायच्या आणि त्यातला अगम्य मजकूर कसा वाचायचा

गूगलवर सापडलं नाही म्हणजे ते नेटवर नव्हतंच असं बरेच जण धरून चालतात. १९९६ ते २००५ च्या आसपासच्या मराठी पानांबाबत तर हे साफ चूक आहे. त्यातली बरीच पानं अजून आहेत, फक्त दोन गोष्टी आड येतात, एक तर पत्ता बंद झालाय आणि दुसरं म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे सगळ्या लिप्यांना सामाईक अशा आजच्या अक्षर-पद्धतीत) नाहीये, त्यामुळे सर्च इंजिनला तो मराठी आहे हेच कळत नाही. पत्ता मिळवणं आणि मजकूर सोडवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दोन्हीला त्या काळात पानं कशी बनायची हे थोडं माहीत असावं लागतं.

आधी हे लक्षात घ्या की शोधायचं कुठे. भारतात व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला, स्पीड ९.६ केबीपीएस आणि दर सामान्य माणसाला न परवडणारे, म्हणजे गावाकडे बसून कोणी हौसेने वेबसाईट काढेल अशी परिस्थितीच नव्हती (विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत मिळायचं, पण त्यात नुसतं टेक्स्ट, चित्रं नाहीत). खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली १९९८ च्या शेवटी, मग सायबर कॅफे वाढले. त्यामुळे सुरुवातीची मराठी पानं शोधताना भारतातले पत्ते कमी आणि परदेशातले जास्त बघा, म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या सर्व्हरवरची विद्यार्थ्यांची पर्सनल पानं, महाराष्ट्र मंडळांची पानं, जिओसिटीजवरची फुकट पानं. १९९६ मध्ये सुरू झालेली मायबोली आजही चालू आहे हा अपवादच म्हणायचा.

पत्ता माहीत असेल तर सरळ इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जा, तिथे जुन्या पानांच्या साठवलेल्या प्रती बघता येतात. इंटरनेट आर्काइव्ह ही ब्रूस्टर काल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली संस्था, तेव्हापासून ते नेटवरची पानं साठवतायत, लोकांना बघायला खुलं झालं २००१ मध्ये. पत्ता टाकला की वर वर्षांची पट्टी आणि खाली कॅलेंडर येतं. निळा गोल असेल तर पान नीट साठवलंय, हिरवा म्हणजे दुसरीकडे पाठवणी, केशरी किंवा लाल म्हणजे त्या दिवशी एरर आली होती, त्यावर वेळ घालवू नका. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि न लावता असं दोन्ही बघा, आणि होमपेज मिळालं नाही तर आतल्या एखाद्या पानाचा पत्ता टाकून बघा, कित्येकदा आतली पानं वेगळ्या तारखेला साठवलेली असतात.

पत्ताच माहीत नसेल तर जरा डोकं चालवायला लागतं. वेबॅकचा स्वतःचा शब्दशोध जुन्या मराठीसाठी फारसा उपयोगाचा नाही, त्यापेक्षा जुन्या डिरेक्टऱ्या, म्हणजे वेबसाईटच्या विषयवार याद्या, धरा. याहूची डिरेक्टरी १९९४ पासून २०१४ पर्यंत होती, डीमॉझ १९९८ ते २०१७. दोन्हीची साठवलेली पानं वेबॅकमध्येच आहेत, तिथे इंडिया, महाराष्ट्र, मराठी अशा कप्प्यांत उतरत जायचं. शिवाय त्या काळातल्या जवळजवळ प्रत्येक हौशी साईटवर आवडत्या लिंक्सचं एक पान असायचंच, माझ्या मते सगळ्यात जास्त माल तिथेच सापडतो. एक साईट मिळाली की तिच्या लिंक्सवरून पाच, त्यांच्यावरून आणखी. घरात जुने दिवाळी अंक, स्मरणिका, अधिवेशनाच्या पुस्तिका असतील तर त्यांच्या जाहिरातीतसुद्धा पत्ते छापलेले असतात.

जिओसिटीजचं वेगळं आहे. याहूने ते ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केलं, पण बंद व्हायच्या आधी आर्काइव्ह टीम या बंद पडणाऱ्या साईट वाचवणाऱ्या गटाच्या स्वयंसेवकांनी आणि इतर काहींनी मिळेल तेवढं उतरवून घेतलं. तिथे आधी पानं विषयवार मोहल्ल्यांत वाटलेली असायची, पत्त्यात अथेन्स वगैरे मोहल्ल्याचं नाव आणि पुढे आकडा असेल तर पान बहुतेक १९९९ च्या आधीचं, कारण त्या वर्षी याहूने विकत घेतल्यावर नुसत्या युजरनेमचे पत्ते आले. एक पत्ता लागला नाही तर दुसऱ्या पद्धतीचा करून बघा.

१९९६ च्या आधीचं हवं असेल तर वेबसाईटच्या मागे लागू नका, यूजनेट बघा, म्हणजे नेटवरचे जुने चर्चेचे ग्रुप. सोक डॉट कल्चर डॉट इंडियन आणि त्यातलाच मराठीचा ग्रुप, रोमन लिपीत लिहिलेलं मराठी आणि इंग्रजीतली भांडणं, सगळं गूगल ग्रुप्समध्ये आहे. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तिथे नवीन काही येत नाही पण जुनं शोधता येतं. शोधताना स्पेलिंग बदलून बदलून टाका, कारण रोमन मराठीत प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं.

आता तारखेची भानगड, आणि कुठे लेखात वापरणार असाल तर हे नीट वाचा. वेबॅकच्या पत्त्यात मधे १४ आकडे असतात, वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, आणि वेळ ग्रीनिचची, आपल्यासाठी साडेपाच तास मिळवायचे. पण ती तारीख फक्त त्या पानाच्या मजकुराची. त्यावरचा फोटो दुसऱ्याच वर्षी साठवलेला असू शकतो, आणि १९९९ च्या पानावरून एक लिंक दाबली की तुम्ही गुपचूप २००७ मध्ये जाऊन पडता, कोणी सांगत नाही. म्हणून प्रत्येक क्लिकनंतर पत्त्यातला आकडा बघायची सवय लावा. वरच्या पट्टीत त्या साठवणीची माहिती उघडली तर कुठलं चित्र किती मागेपुढे साठवलंय तेही दिसतं.

पान उघडलं, आणि दिसतंय काय तर इंग्रजी अक्षरांचा कचरा. घाबरायचं नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण सामान्य माणसाच्या विंडोजमध्ये ती आली विंडोज २००० आणि एक्सपी बरोबर, मंगल फॉन्ट घेऊन. त्याआधी सगळे एक युक्ती करायचे, फाईलमध्ये साधी इंग्रजी अक्षरं आणि फॉन्ट असा की त्या अक्षराच्या जागी मराठी आकार काढेल. म्हणजे फॉन्ट नसेल तर वाचता येत नाही, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. तेव्हा सगळा खेळ फॉन्टचं नाव शोधण्याचा आहे.

कंट्रोल आणि यू दाबून सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडा आणि फॉन्ट फेस असं इंग्रजीत शोधा. शिवाजी, कृतीदेव, श्री-देव आणि पुढे आकडा (म्हणजे श्रीलिपी, पुण्याच्या मॉड्युलरची), डीव्ही-टीटी योगेश किंवा सुरेख (सीडॅक या सरकारी संस्थेचे), किरण, अक्रुती, असं काहीतरी मिळेल. न मिळालं तर ईओटी किंवा पीएफआर शेपटीची फाईल जोडली आहे का बघा, पहिली इंटरनेट एक्सप्लोररसाठी, दुसरी नेटस्केपसाठी, पान उघडताना फॉन्ट आपोआप उतरायचा, आणि फाईलच्या नावातच बहुतेक वेळा फॉन्टचं नाव असतं. तेही नसेल तर चेहऱ्यावरून ओळखा. मराठी हा शब्द एम-ए-आर-ए-झेड-आय असा दिसला तर शिवाजी, ई-जे-के-बी-एच असा दिसला तर कृतीदेव. डोक्यावर चिन्हं असलेली युरोपियन अक्षरं आणि र च्या जागी ट्रेडमार्कवाला गोलातला आर दिसला तर सीडॅकचं घराणं. यात मधेमधे काळे चौकोन आणि प्रश्नचिन्हं येत असतील तर ब्राउझरने एन्कोडिंगचा (फाईलमधला कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर याचा) अंदाज चुकवलाय, फायरफॉक्समध्ये व्ह्यू मेनूत एन्कोडिंग रिपेअर करायचा पर्याय आहे तो दाबा. आणि मजकूर कॉपी करायच्या आधी हे करा, नंतर करून उपयोग नाही.

मग त्या फॉन्टचा कन्व्हर्टर, म्हणजे त्यातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारं साधन, शोधा. हिंदीवाल्या स्वयंसेवकांनी बनवलेले ऑफलाईन चालणारे कन्व्हर्टर चांगले आहेत, पण हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले, त्यामुळे दुसऱ्या, तऱ्हा यातला ऱ्य-ऱ्ह बिघडतो, कधी ॲ आणि ळ पण. सगळ्यात जास्त चुका पहिल्या वेलांटीच्या आणि रफाराच्या असतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये बरोब्बर उलट. कन्व्हर्ट झाल्यावर हे दोन आधी तपासा, बाकीचं नंतर.

कन्व्हर्टरच मिळत नाही असा फॉन्ट असेल तर फॉन्टची फाईल मिळवा (जुन्या सीडी, डीटीपीवाल्यांकडे चौकशी), वर्डमध्ये मजकूर पेस्ट करून तो फॉन्ट लावा, साईज चांगला मोठा करा, पीडीएफ काढून तिची पानं चित्र म्हणून सेव्ह करा आणि ती ओसीआरला (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला) द्या. गूगल ड्राइव्ह आणि टेसरॅक्ट नावाचं फुकट ओसीआर, दोन्हीला मराठी येतं. पानावर मराठी मजकूर चित्र म्हणूनच टाकलेला असेल, जे तेव्हा सर्रास करायचे, तर तीच चित्रं द्यायची, पण ती इतकी बारीक असतात की निम्मं हाताने टाईप करायची तयारी ठेवा.

आणि मिळालेलं स्वतःकडे उतरवून घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर हल्ला झाला तेव्हा काही दिवस सगळंच बंद होतं, शिवाय मालकाने सांगितलं तर ते पानं काढूनही टाकतात. सेव्ह करताना वेबॅकच्या पत्त्यात त्या १४ आकड्यांना चिकटून आय-डी आणि अंडरस्कोर टाकलं की त्यांची पट्टी वगळून मूळ फाईल जशीच्या तशी मिळते, ती ठेवा, आणि कन्व्हर्ट केलेला मजकूर वेगळ्या फाईलमध्ये, वर मूळ पत्ता, साठवणीची तारीख आणि फॉन्टचं नाव लिहून.